आंबोलीत एक दिवस जंगल बघायला यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा जवळ आला की आंबोलीबद्दल तेच तेच प्रश्न येतात, धबधब्याला किती वाजता जाऊ, वाघ दिसेल का, जळवा खूप असतात का वगैरे. दरवेळी तुकड्या तुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. जे पॉइंट बघायला येणारेत त्यांना यातलं अर्धं कामाचं नाही, पण ज्यांना खरंच जंगल बघायचंय त्यांनी सगळं वाचा.

एका दिवसात आंबोली बघून होते का?

पॉइंट बघून होतात, जंगल नाही. म्हणजे सकाळी दहाला पोचायचं, मुख्य धबधबा, कावळेसाद, हिरण्यकेशी, महादेवगड, नांगरतास असं गाडीतून उतर-चढ करत संध्याकाळी घाट उतरायचा, हे सगळे करतात आणि परत जाऊन सांगतात की धुकं होतं, काही दिसलं नाही. दिसणार कसं, आंबोलीत जे खास आहे ते बहुतेक रात्री बाहेर पडतं किंवा पहाटे बोलतं आणि त्या दोन्ही वेळेला ही मंडळी इथे नसतातच.

माझं सांगणं एवढंच की तुमच्याकडे एकच दिवस असेल तर तो सकाळी सुरू करू नका. दुपारी तीनच्या सुमाराला पोचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघा. चोवीस तासांच्या आतच सगळं होतं, पण मधे एक अख्खी रात्र आणि एक पहाट मिळते. खाली जे लिहिलंय ते सगळं असा दिवस धरूनच लिहिलंय.

कोणत्या महिन्यात यावं?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. बेडूक, साप, रात्रीचं जंगल यासाठी जून ते सप्टेंबर. त्यातही पहिला जोराचा पाऊस पडल्यानंतरचे दिवस म्हणजे बेडकांसाठी सगळ्यात भारी, सगळे एकदम बाहेर आलेले असतात आणि रात्री इतका आवाज असतो की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. सड्यावरची, म्हणजे उघड्या जांभ्या दगडाच्या पठारावरची फुलं ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात. पक्षी आणि फुलपाखरं बघणाऱ्यांनी ऑक्टोबरनंतर यावं, धुकं कमी होतं आणि झाडाच्या शेंड्यापर्यंत नजर पोचते.

जुलै म्हणजे पाऊस, पाऊस आणि पाऊस. वर्षाला इथे ७००० मिलिमीटरपेक्षा जास्त पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेकडून येऊन थेट या कड्यावर आपटतात, आंबोली साधारण ६९० मीटरवर अगदी घाटमाथ्याच्या कडेला आहे, म्हणून एवढा पाऊस. आजऱ्याकडे थोडं पुढे गेलं की लगेच फरक जाणवायला लागतो.

यायचं कसं?

कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड स्टेशन, तिथून सावंतवाडी शहर आणि मग घाट चढून वर. सावंतवाडीहून अंतर साधारण ३० किमी. कोल्हापूरकडून येणारे आजऱ्यावरून येतात, बेळगावकडूनही सरळ रस्ता आहे. एसटी तिन्हीकडून आहेत पण वेळा बदलतात, आदल्या दिवशी डेपोत विचारून घ्या. शक्यतो शनिवार-रविवार टाळा, पावसाळ्यात धबधब्यापाशी घाटात गाड्यांची रांग लागते आणि त्यातच दुपार जाते.

मग मुख्य धबधबा बघायचाच नाही का?

बघा की, रस्त्यावरच आहे. सकाळी साडेसहा-सातला गेलात तर तिथे माणूस नसतो, दहा मिनिटं उभं राहा आणि पुढे जा. पायऱ्यांवर शेवाळ असतं तेव्हा चपला घालून चढू नका. मला खरं तर घाटातल्या बिननावाच्या धबधब्यांपाशी जास्त आवडतं, तिथल्या ओल्या दगडांवर छोटे छोटे बेडूक बसलेले असतात आणि कपारींत नेचे लटकलेले असतात. फक्त गाडी वळणावर उभी करू नका, धुक्यात मागून येणाऱ्याला दिसत नाही.

रात्री नक्की काय दिसतं?

इथे थोडं जास्त लिहितो कारण आंबोली म्हणजे माझ्यासाठी रात्रच.

पावसाळ्यात आठनंतर टॉर्च घेऊन निघालं की पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही आणि लोक निराश होतात. मग डोळ्याला सवय होते, कोणीतरी एक बेडूक दाखवतो आणि त्यानंतर प्रत्येक पानावर काहीतरी असतंच. बेडूक शोधायची सोपी युक्ती म्हणजे उंची बघायची. काही जाती जमिनीवरून ओरडतात, काही गुडघ्याएवढ्या झुडपातून, काही डोक्याच्या वरून. ओरडतात ते नर. आवाज कुठल्या उंचीवरून येतोय ते आधी ऐका, मग टॉर्च तिकडे न्या.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग, म्हणजे ज्याला लोक उडता बेडूक म्हणतात, तो हिरवागार, बोटांमधे लाल-केशरी पडदे असलेला. तो खरं उडत नाही, उंचावरून उडी मारून पडद्यांच्या आधाराने तरंगत खाली येतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरा फेसाचा गोळा दिसला तर हात लावू नका, ते त्याचं घरटं आहे. आत अंडी असतात आणि पिल्लं बाहेर आली की टपाटप खालच्या पाण्यात पडतात. याच्या उलट आंबोली बुश फ्रॉग. छोटासा जीव, त्याला पाणवठा लागतच नाही, अंड्यातून टॅडपोल (शेपटीवालं पिल्लू) नाही तर थेट छोटा बेडूकच बाहेर येतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला विश्वासच बसला नव्हता, शाळेत बेडकाचं जीवनचक्र एकच शिकवलेलं असतं ना.

नशीब चांगलं असेल तर ओल्या पालापाचोळ्यात देवगांडूळ दिसतो. गांडुळासारखा किंवा छोट्या सापासारखा दिसतो पण आहे बेडकांच्या नात्यातला, पाय नसलेला उभयचर. बरेच जण साप समजून त्याला मारतात, तो माणसाला काही करत नाही, जाऊ द्या त्याला.

आणि चमकणारी बुरशी. भरपूर पाऊस झाल्यावर कुजक्या फांद्यांवर ही बुरशी वाढते आणि अंधारात हिरवट उजेड देते. ती बघायला सगळ्यांनी टॉर्च आणि मोबाईल बंद करून निदान दहा-पंधरा मिनिटं गप्प उभं राहावं लागतं, डोळे पूर्ण अंधाराला सरावायला तर वीस-तीस मिनिटं जातात. ग्रुपमधल्या एकाने जरी व्हॉट्सअप उघडलं की सगळ्यांचं परत पहिल्यापासून. म्हणून मी म्हणतो सहापेक्षा जास्त लोक रात्री एकत्र नकोतच.

आंबोली टोडचं एवढं काय कौतुक?

कारण हा बेडकाचा प्रकार अख्ख्या जगात फक्त आंबोली आणि तिच्या आसपासच आहे. शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगरिना, २००९ साली नवीन जात म्हणून नोंद झाली. अंगावर पिवळसर आडवे-तिडवे पट्टे, म्हणून टायगरिना. हा झाडात राहत नाही, उघड्या जांभ्या दगडाच्या सड्यावर राहतो, जिथे आपल्याला वाटतं की इथे काय असणार, नुसता दगड. पावसाच्या सुरुवातीला सड्यावर जी बोटभर पाण्याची डबकी साचतात तिथे याची वीण होते आणि डबकं आटायच्या आत पिल्लांना मोठं व्हावं लागतं.

आता विचार करा, तोच सडा म्हणजे लोकांच्या मते गाडी वळवायची, पार्टी करायची मोकळी जागा. टायर एका डबक्यातून गेला की त्या डबक्यातली सगळी पिल्लं गेली. कृपा करून सड्यावर गाडी घालू नका, रस्त्यावरच ठेवा आणि चालत जा, चालतानासुद्धा डबकं टाळून.

रात्री आपले आपण फिरलो तर चालतं का?

नाही. एक तर वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरता येत नाही, दुसरं म्हणजे गवे रात्री रस्त्याच्या कडेलाच चरत असतात आणि धुक्यात दहा फुटांवरचा गवा दिसत नाही. आंबोलीत स्थानिक पोरं खूप चांगली तयार झालीयेत, मलबार नेचर कॉन्झर्वेशन क्लबसारखी इथली संस्था आहे, होमस्टेवाल्यांकडे चौकशी केली तरी माणूस मिळतो. गाइडला आधीच विचारा की तुम्ही साप-बेडूक हातात धरून दाखवता का. हो म्हणाला तर दुसरा बघा. हे मी अगदी मनापासून सांगतोय, चांगला गाइड प्राण्याला न हलवता दाखवतो आणि त्याला जमतं ते.

जळवा किती असतात? काय करायचं?

असतात. पावसाळ्यात जंगलाच्या वाटेवर चाललात की चढणारच. पण त्यांना घाबरून येणं रद्द करू नका, जळू चावल्याने काही होत नाही म्हटलं तरी चालेल. ती चावताना हिरुडिनसारखं द्रव्य सोडते त्याने रक्त गोठत नाही, म्हणून ती पडून गेल्यावरही बराच वेळ रक्त येत राहतं आणि लोकांना वाटतं खूप मोठं काही झालंय. दुखत नाही, नंतर खाजतं मात्र दोन-चार दिवस.

काढायची कशी: नख तिच्या बारीक टोकापाशी, म्हणजे तोंडापाशी, कातडीला सपाट धरून सरकवा, पकड सुटते, मग दुसरं टोक सोडवा. मीठ, लायटर, तंबाखू यातलं काही नको, त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते आणि मग चिघळायची भीती. जखम स्वच्छ धुवा, अँटिसेप्टिक लावा, कापूस दाबून धरा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे मिळतात, ते घ्या. वाटेत एका जागी फार वेळ उभं राहू नका, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांवर त्या बरोबर येतात.

साप? विषारी असतात का?

असतात आणि दिसले तर भाग्य समजा. आंबोलीत सगळ्यांना बघायचा असतो तो मलबार पिट व्हायपर, मराठीत चापडा. हिरवा, तपकिरी, पिवळट अशा बऱ्याच रंगांत असतो आणि एकाच फांदीवर रात्रच्या रात्र न हलता बसून राहतो. तो धावून येत नाही. धोका असतो तो आपण न बघता फांदीला हात घालण्याचा. म्हणून नियम एकच, टॉर्चने बघितल्याशिवाय हात कुठे टेकायचा नाही, पाय कुठे ठेवायचा नाही.

चावलाच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं काहीही करायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठ्या-घड्याळ काढायचं, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठायचं, सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे. आपल्याकडे जे प्रतिविष मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर बनवलेलं आहे, चापड्यावर नाही, त्यामुळे साप कोणता होता याचा लांबून काढलेला फोटो डॉक्टरांना उपयोगी पडतो. पण फोटोसाठी सापाच्या मागे जाऊ नका.

रात्री जागलो तर सकाळी किती वाजता उठायचं?

साडेपाचला. जड जातं, पण पावसाळ्याच्या दिवसांत उजाडताना शीळकरी कस्तुर गातो तो ऐकायलाच हवा. ओढ्याकाठी कोणीतरी माणूस निवांत शीळ घालत चाललाय असं वाटतं आणि वळून बघितलं तर निळसर काळा पक्षी. त्यानंतर गावातल्या मोठ्या झाडांवर मलबारी राखी धनेश, हा फक्त पश्चिम घाटात सापडतो, आधी त्याचं हसल्यासारखं ओरडणं ऐकू येतं मग तो दिसतो. मलबार कर्णा दाट झाडीत गप्प बसतो, नराचं पोट लालभडक पण पाठ आपल्याकडे केली तर समोर असून सापडत नाही. शेकरूही सकाळीच जास्त हालचाल करतं.

यासाठी जंगलात खोल जावं लागत नाही. जांभूळ, अंजनी, हिरडा अशा झाडांच्या कडेने डांबरी रस्त्यावर हळूहळू चाललात तरी पुरे. एक तासात एक किलोमीटर, त्यापेक्षा वेगात नको.

हिरण्यकेशीला काय बघायचं, देऊळच ना?

देऊळ आहेच, शांत आहे, गुहेतून नदी उगम पावते. इथून निघालेली हिरण्यकेशी पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे अरबी समुद्र इथून दिसेल इतका जवळ आणि हे पाणी मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला जातं. कड्याच्या पलीकडे पडलेलं पाणी सरळ कोकणात. मला ही गोष्ट दरवेळी तिथे उभं राहिल्यावर नव्याने आवडते.

पण कुंडात वाकून बघा. तिथे शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा बोटाएवढा मासा आहे, तळाशी दगडांत फिरतो, २०२० मध्ये नवीन जात म्हणून जाहीर झाला. त्याच्यामुळे २०२१ मध्ये राज्य सरकारने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवस्थान होतं म्हणून इतकी वर्षं ते पाणी आणि आजूबाजूची झाडी टिकली असं माझं मत आहे. तर त्या पाण्यात साबण, निर्माल्य, बिस्किटं, नाणी काही टाकू नका. माशांना खायला घालणं हे पुण्य नाही, पाणी खराब होतं त्याने.

कावळेसादला जाऊ की नको?

जा, पण धुकं असेल तर वाट बघायची तयारी ठेवा, कधी दोन मिनिटांत पडदा सरकतो तर कधी तासभर नाही. पावसाळ्यात दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याने धबधब्याचं पाणी उलटं उडतं ते बघण्यासारखं. रेलिंगच्या आत राहा. इथे माणसं दरीत पडून गेलीयेत आणि त्यांना वर काढायला स्थानिक रेस्क्यूवाले धुक्यात, पावसात जीव धोक्यात घालून दोरावर उतरतात. दारू पिऊन इथे येणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही.

सड्यावरची फुलं कासच्या पठारासारखी असतात का?

तसे मोठे गालिचे अपेक्षित धरू नका. इथे गुडघे टेकून बघायचं. सीतेची आसवं म्हणजे ती जांभळी-निळी नाजूक फुलं, ती कीटकभक्षी वनस्पती आहे, जमिनीखाली असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते, कारण दगडावरच्या पातळ मातीत तिला नायट्रोजन मिळत नाही. सोबत पांढऱ्या गेंदाचे ठिपके, कडेने तेरडा. जवळच्या चौकुळ गावाच्या बाजूलाही सडे छान आहेत. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, ते वर्ष असेल तर गावात सगळे सांगतीलच.

वाघ, बिबट्या, गवा दिसेल का?

गवा बऱ्यापैकी शक्य. बिबट्या आहे, पण तो आपल्याला बघतो, आपण त्याला नाही. वाघ या पट्ट्यातून ये-जा करतो, दिसायची अपेक्षा शून्य ठेवा. त्यासाठी सफारी असलेल्या जंगलात जावं, आंबोलीला वाघासाठी येणारा नक्की नाराज होऊन जातो.

कॅमेरा कोणता आणू?

मोबाईल पुरतो, फुलं-बेडकांसाठी मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. कॅमेऱ्यापेक्षा तो कोरडा ठेवायची सोय महत्त्वाची, सिलिका जेलच्या पुड्या आणि झिपची पिशवी. एसी गाडीतून एकदम बाहेर काढलात तर लेन्सवर वाफ धरते, आधी पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या. बेडकाच्या तोंडावर फ्लॅशचा मारा नको, एक-दोन फोटो घेऊन सरका. पक्ष्याला बोलवायला मोबाईलवर त्याचा आवाज लावणंही नको, विणीच्या काळात तो घरटं सोडून भांडायला येतो.

काय घालायचं, काय आणायचं?

पटकन वाळणारे फुल पॅन्ट आणि फुल शर्ट, जीन्स नको. चांगली पकड असलेले बूट, भिजणार हे धरूनच चाला आणि एक कोरडा जोड गाडीत ठेवा. रात्रीसाठी हेडटॉर्च, जास्तीची बॅटरी. पोंचो बरा, छत्री वाऱ्यात उलटी होते. आणि हो, हाताला ओडोमॉस किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर बेडकाला चुकूनही शिवू नका, तो कातडीतून श्वास घेतो, ते सगळं त्याच्या अंगात जातं.

लहान मुलं, आजी-आजोबा येऊ शकतात?

मुलं तर आणाच, ती आपल्याआधी बेडूक शोधतात, त्यांची नजरच त्या उंचीवर असते. फक्त हात धरून ठेवा. आजी-आजोबांना घसरड्या वाटा टाळून हिरण्यकेशी आणि सकाळचा रस्त्यावरचा फेरफटका सहज जमतो.

नेटवर्क, पैसे, जेवण?

नेटवर्क धुक्यासारखंच, येतं-जातं. रोख पैसे आणा. जेवण होमस्टेला आधी सांगून ठेवायचं, ऐनवेळी नको.

रात्रीच्या वेळी घाटातून गाडी चालवायची असेल तर?

शक्यतो चालवू नका. पावसाळी रात्री बेडूक, साप, खेकडे सगळे डांबरावर येतात आणि सकाळी त्यांचे चपटे झालेले अवशेष बघून खरंच वाईट वाटतं. चालवावीच लागली तर वेग वीसच्या आसपास, दिवे लो बीमवर, धुक्यात अप्पर लावला तर उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. रस्त्यावर टोड बसलेला दिसला तर गाडी थांबवा, हजार्ड लाइट लावा, मागे-पुढे कोणी नाही बघून उतरा आणि ओल्या पानाने किंवा पुठ्ठ्याने त्याला तो ज्या बाजूला तोंड करून बसलाय त्याच बाजूला सरकवा. उलट्या बाजूला ठेवलात तर तो परत रस्त्यावर येतो.

उन्हाळ्यात आलो तर?

एप्रिल-मेमध्ये सडा कोरडा, बेडूक गायब, ओढे बारीक. पण जांभळं-करवंदं पिकलेली असतात त्यामुळे धनेश आणि शेकरू छान दिसतात. मेच्या शेवटी वळवाचे एक-दोन पाऊस झाले की काजवे सुरू होतात, तेव्हा रात्र मुक्कामाला ठेवा आणि खोलीबाहेरचे दिवे बंद करायला सांगा.